दाजींच्या डांबराचा भाव

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका डांबराचा विचार केलेला माणूस त्या काळच्या अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि इतका विचार करून इतकं कमी डांबर विकत घेतलेलाही दुसरा नसेल. दाजी वेवजीचे शेतकरी. भाताची थोडी जमीन, दोन बैल, दारात चिकूचं एक झाड, आणि अंगात घासाघिशीची अशी हौस की मीठवाल्याने भाव सांगितला तरी ते आधी उठून चालायला लागत आणि मग मागे वळून पाहत. पंचायतीने गावापासून तलासरीच्या हमरस्त्यापर्यंत डांबरी रस्ता करायचं ठरवलं, तेव्हा खरेदीचं काम कोणाकडे द्यायचं यावर चर्चाच झाली नाही. सगळ्यांनी दाजींकडे पाहिलं. दाजींनी नव्या नवरीसारखं खाली जमिनीकडे पाहिलं आणि काम स्वीकारलं.

या रस्त्यात त्यांचा जीव अडकला होता तो माझ्या आईमुळे. ताईच्या लग्नाला इतकी वर्षं होऊन गेली, तरी आईने लेकीचं घर पाहिलेलं नव्हतं. तिचं पाठीचं दुखणं जुनं. हमरस्त्यापासून पुढे बैलगाडीचे हादरे तिला सोसण्यासारखे नव्हते, आणि एवढं चालणं तर नव्हतंच. एस्टीवाल्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की डांबर पडल्याशिवाय गाडी गावात येणार नाही. एरवी जावयाला सासूचं एवढं काय पडलेलं असतं, पण या दोघांचं गूळपीठच वेगळं होतं. डहाणूच्या मासळीबाजारात आईची अशी ख्याती की ती लांबून दिसली की कोळणी वाट्यातले दोन मासे आधीच काढून बाजूला ठेवत, म्हणजे नंतर वाढवून द्यायला बरे. दाजी डहाणूला आले की पिशवी धरून तिच्या मागे बाजारभर हिंडत, आणि संध्याकाळी ओटीवर दोघांची उजळणी चाले.

"आई, भाव विचारायच्या आधी तुमी तिला पोरांचं का विचारत बसल्या?"

"घरचं विचारलं की मग बाईला भांडायला जड जातं, जावईबापू."

दाजी मान डोलावत. मला त्या ओटीवर कोणी काही विचारत नसे. मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो, आणि सांगितला तो भाव देऊन येणारा माणूस म्हणून घरात माझी किंमत ठरून गेली होती. अशाच एका संध्याकाळी दाजी आईला म्हणाले, "तुमाला एस्टीतून थेट तुमच्या लेकीच्या दारात उतरवतो. नाय उतरवलं तर डहाणूला तोंड दाखवणार नाय." आई हसली. पण दुसऱ्याच दिवशी तिने पेटीतलं ठेवणीतलं लुगडं काढून उन्हात टाकलेलं मी पाहिलं.

अडचण एकच होती. रस्त्यांच्या कामावरच्या सरकारी ओव्हरसियरसाहेबांनी केलेल्या अंदाजपत्रकाप्रमाणे मंजूर पैशात रस्ता गावातल्या विहिरीपर्यंतच पोचत होता. ताईचं घर विहिरीच्या पुढे, चढावर. वर आणखी पाचपंचवीस घरं होती, त्यांचाही चढ मातीचाच राहणार होता. दाजींनी जाहीर केलं की चढाचं डांबर भावातून निघेल. एका पिंपामागे जेवढे पाडू, तेवढा रस्ता वर चढेल. हे गणित त्यांच्या डोक्यात इतकं भिनलं की पुढची काही वर्षं त्यांनी जगातली प्रत्येक वस्तू रस्त्यात मोजली. ताईने दिवाळीला लुगडं मागितलं, तर म्हणाले, "तेवढ्यात चार हात रस्ता होतो." पंचायतीचा पैसा वेगळा आणि लुगड्याचा वेगळा, हे ताईने समजावून पाहिलं. शेवटी ती म्हणाली, "मग नेसू काय, रस्ता?" रानशेतला एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी शेजारच्या पाहुण्याला जिलबी खाता खाता विचारलं, तुमच्याकडे डांबर काय भावाने पडतं? पाहुणा मुलीचा मामा निघाला. त्याला वाटलं हुंड्याबद्दल काही आडून बोलणं चाललं आहे, आणि पुढचा तासभर मांडवात उगाच तणातणी झाली.

ओव्हरसियरसाहेबांनी त्यांना परोपरीने सांगितलं की रस्त्याचं डांबर मुंबईहून येतं, त्याचा भाव कंपनी ठरवते, त्यात कोणाचं काही चालत नाही. "ठरलेला भाव म्हणजे विकणाऱ्यानेच ठरवलेला ना?" दाजी म्हणाले, आणि पावसाळ्याची वाट पाहत बसले. त्यांचा हिशोब असा की पावसात कोणी रस्ते करत नाही, तेव्हा डांबराला गिऱ्हाईक नसणार, तेव्हा भाव कोसळणार. भर श्रावणात छत्री घेऊन ते डहाणूच्या दुकानात गेले, तर दुकानात ही गर्दी. नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांना सगळी मच्छीमार वस्ती डांबर फासत होती, आणि दुकानदाराने भाव चढवून ठेवला होता. रांगेतल्या एका होडीवरच्या तांडेलाने दाजींना विचारलं, "तुमची पण होडी हाय का?"

"होडी नाय, रस्ता हाय."

"आनि तो या पान्यात सोडनार?"

ते होडीचं डांबर वेगळं आणि रस्त्याचं वेगळं, हे ओव्हरसियरसाहेबांनी नंतर सांगितलं, पण दाजींना ते पटलं नाही. काळं ते काळं, असं त्यांचं मत होतं. शिवाय पाऊस संपल्यावर होड्या समुद्रात गेल्या म्हणजे भाव उतरणारच, म्हणून त्यांनी तो हंगामही सोडून दिला.

मग त्यांना उंबरगावचे शेठ सापडले. वेवजीहून उंबरगाव जवळ, शेठचा माल मुंबईच्या भावापेक्षा थोडा स्वस्त, आणि माणूस बोलका. दाजींना आपल्या तोलामोलाचा गडी भेटल्याचा आनंद झाला. त्यांनी आईच्या शिकवणीप्रमाणे आधी घरची चौकशी सुरू केली. शेठच्या मुलांची, सुनांची, गुडघ्याची, देवदर्शनाची चौकशी करण्यात एक हिवाळा गेला. भाव पाडायला ते मुद्दाम दिवस मावळताना जात, कारण बाजारात मासळी त्याच वेळी स्वस्त होते. एकदा शेठ वैतागून म्हणाले, "आ डामर छे भाई, बूमला नथी. सांजे वासी नहीं थाय." बोंबील संध्याकाळी शिळे होतात, डांबर होत नाही, एवढं दाजींना कळलं. तरी त्यांनी जाणं सोडलं नाही, आणि अखेर शेठनी पिंपामागे अख्खा एक रुपया सोडला. त्या दिवशी दाजी आमच्याकडे पेढे घेऊन आले. आईने तो सगळा सौदा दोनदा सांगायला लावला.

मंजुरीचे कागद वर गेले, ते खाली यायच्या आत एका राज्याची दोन राज्यं झाली. वेवजी महाराष्ट्रात राहिली, उंबरगाव गुजरातेत गेलं. ओव्हरसियरसाहेबांनी सांगितलं की दुसऱ्या राज्यातल्या व्यापाऱ्याचा दर आपल्या अंदाजपत्रकाला चालत नाही. "दुकान तिथंच हाय, शेठ तोच हाय, चहा पण तोच पाजतो. मग दर कसा परका झाला?" दाजींनी विचारलं. याला सरकारी उत्तर नव्हतं, म्हणून ओव्हरसियरसाहेबांनी नवं अंदाजपत्रक केलं.

त्यानंतर डांबराचा भाव चढतच गेला. पंचायतीच्या दर बैठकीत रस्ता आखडायची वेळ येई, पण आपल्या दारापासून तो मागे घ्यायला कोणीच तयार नसे. तेव्हा लांबी तेवढीच ठेवून रुंदी कमी करायची युक्ती निघाली. दोनतीन बैठकांत रस्ता कागदावर इतका निमुळता झाला की ओव्हरसियरसाहेबांनी हात जोडले आणि एस्टीला दोन्ही बाजूंना चाकं असतात याची सभासदांना आठवण करून दिली. तोवर स्वस्तात मिळाली म्हणून दाजींनी आधीच आणून टाकलेली खडी रस्त्याकडेला पडून होती. ती हळूहळू लोकांच्या गोठ्यांत आणि न्हाण्यांत जाऊन बसली, आणि तीही पुन्हा विकत घ्यावी लागली. शेवटी एका माघात वरून निरोप आला की मार्चअखेर पैसे खर्ची पडले नाहीत तर परत जातील. दाजींनी डांबर घेतलं. इतक्या वर्षांतला सगळ्यांत चढा भाव त्यांनी त्या दिवशी दिला, आणि एक शब्द न बोलता दिला.

रस्ता विहिरीपर्यंतही गेला नाही. त्याआधीच शाळेच्या कुंपणापाशी संपला. पहिल्या अंदाजपत्रकाप्रमाणे मुकाट्याने घेतलं असतं तर विहीर नक्की गाठली असती, हे गावात शेंबड्या पोरालाही कळलं होतं, आणि लोक ते दाजींना पुन्हा पुन्हा सांगत होते. दाजींनी डहाणूला येणं बंद केलं. ताई एकटी येऊन गेली, डांबर काय भावाने घेतलं तेही सांगून गेली. "रात्री नीट जेवत पण नाहीत," दाजींबद्दल एवढंच ती म्हणाली. आईने ऐकून घेतलं, आणि मला म्हणाली, "शाळेला सुट्टी लागली की मला वेवजीला ने."

आम्ही एस्टीने गेलो. गाडी नव्या काळ्या रस्त्यावरून कुंपणापर्यंत गेली आणि थांबली. दाजी तिथे उभे होते, धुतलेलं धोतर नेसून, पण चेहरा असा की कोणीतरी गेलं असावं. आई ते ठेवणीतलं लुगडं नेसून खाली उतरली. पुढे विहिरीवरून वर जाणारी मातीची वाट होती आणि वर ताईचं घर दिसत होतं. दाजींनी आईचा हात धरला. मी पिशव्या घेऊन मागून चालत होतो. दर थोड्या अंतरावर आई दगडावर टेकायची, श्वास घ्यायची आणि पुन्हा उठायची. दाजी नुसतेच उभे राहायचे.

चढाच्या मध्यावर आईने विचारलं, "काय भावाने पडलं शेवटी?"

दाजींनी उंबरगावच्या शेठचा भाव सांगितला. तोसुद्धा वर आणखी आठ आणे उतरवून.

मी मागे थबकलो. खरा भाव मला माहीत होता, ताईने सांगितल्यामुळे आईलाही माहीत होता. आणि समजा माहीत नसता, तरी एवढ्या स्वस्तात मिळालं तर रस्ता खालीच का संपला, हे विचारायला आईला अर्धा क्षणही लागला नसता. उभ्या जन्मात तिने कोणाचा खोटा भाव ऐकून घेतला नव्हता. कोळणी तिला भीत त्या यासाठीच.

आईने वळून खालच्या रस्त्याकडे पाहिलं. मग दाजींच्या हातावर भार देत ती उठली. "बरं पाडलंत, जावईबापू," ती म्हणाली. "मला नसतं जमलं."

दाजींनी मान वळवून शेताकडे पाहिलं. आईची वेवजीची ती पहिली खेप आणि शेवटचीही. वर ताई दारात उभी होती, हाका मारत होती, पण ती दोघं सावकाश, थांबत थांबत चढत राहिली. तो चढ लवकर संपू नये असं मला वाटत होतं.