घंटेच्या सुराला लावलेलं पेडल

मंगळवारी माझा नवरा बाजव्याला पाळीवर गेला. दुपारी कारखान्यातून फोन आला. त्याचं हृदय बंद पडलं होतं. संध्याकाळी त्याला समा भागातल्या आमच्या घरी आणलं.

त्याच्या टेबलाखाली गिटारचा आवाज बदलणारं एक पेडल होतं, साबणाच्या डब्याहून थोडं मोठं. रिंग मॉड्युलेटर. ते घ्यायला तो मला अमदावादला घेऊन गेला होता. दुकानात त्यानं दोन वाजवून पाहिली. एकाचा नॉब टप्प्याटप्प्यानं फिरत होता, दुसऱ्याचा सलग. त्यानं दुसरं निवडलं. "मला हवा तो सूर दोन टप्प्यांच्या मध्ये आहे," तो म्हणाला. मी पुस्तक वाचत बसले होते, मान हलवली.

घरी आल्यावर त्यानं समजावून सांगितलं. या डब्याचा स्वतःचा एक सूर असतो. आपण वाजवलेल्या सुराशी डबा त्या सुराची बेरीज आणि वजाबाकी करतो, आणि बाहेर येतं ते दोघांपेक्षा वेगळं असतं. आमच्या देवघरातल्या घंटेचा सूर त्याला त्या डब्यात आणायचा होता. तार घंटेशी जुळवून तो छेडायचा आणि नॉब माझ्याकडून फिरवून घ्यायचा. आवाज थरथरायचा. "हळू. अजून हळू." सूर जुळून थरथर मंदावत थांबली की तो हसायचा. मग इतर सूर वाजवले की ते पितळेसारखे घुमत.

सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "काय रे, परात पडली का?"

"आई, तुझ्याच घंटेची नक्कल आहे."

"मग खरीच वाजव की! आरतीला हातभार तरी लागेल."

तो गेल्यावर मी पेडलला हात लावला नाही. नॉब जिथे त्यानं सोडला तिथेच होता. एवढं एक तसंच राहावं असं मला वाटे.

त्या वर्षी सण करायचे नव्हते. पण सासूबाईंचं माहेर आणि सासर दोन्ही शिलेदारांची. खंडेनवमीला दांडिया बाजारातल्या जुन्या घरातून आलेली तलवार पुजल्याशिवाय त्या राहणार नव्हत्या. दरवर्षी तलवारीशेजारी पेडलही पाटावर बसायचं, त्याचा हट्टच होता. मी कॉलेजातल्या कामावरून घरी आले तेव्हा तलवार घासूनपुसून लखलखत होती, पेडलही. सगळे नॉब डावीकडे टोकाला होते.

"धूळ किती बसली होती त्याच्यावर," सासूबाई म्हणाल्या. "खाचाखोचांतून नीट पुसलंय. सगळी चाकं सारखी केली."

मी खाली बसले. पेडल उचलून नॉब पाहिले.

"काय झालं गं?"

मी सांगितलं. हातातलं हळदीकुंकवाचं तबक त्यांनी खाली ठेवलं.

"घंटेला जुळवायचा ना तो?" त्या म्हणाल्या. "घंटा तर आहे. ऊठ. तुला येतं ते."

मी गिटार पेडलला जोडली. तारा उतरल्या होत्या. सासूबाई घंटा वाजवत आणि मी तार पिळत राहिले. मग गिटार त्यांच्या हाती दिली. त्या बोटानं तार छेडत होत्या, भीत भीत, गरम तव्याला बोट लावावं तशा. मी नॉब फिरवू लागले. आवाज थरथरला.

"हळू," त्या म्हणाल्या. "घाई नको गं."

थरथर मंदावली, थांबली. मग त्यांनी पेडलला हळदकुंकू लावलं आणि झेंडूचं फूल ठेवलं.

गिटारचा मूळ आवाज किती मिसळायचा ते ठरवणारा दुसरा नॉब माझा नवरा कुठे ठेवायचा, ते दोघींनाही आठवलं नाही. तो आम्ही अंदाजानं लावला.

आता घरात आम्ही दोघी आहोत. तलवार भिंतीवर आहे, घंटा देवघरात आहे. पेडल टेबलाखाली आहे, आणि ते घंटेच्या सुराला लागलेलं आहे.