मामाचा शनिवार

आमच्या मामाचं शिंपीकाम एक नंबर, आणि शब्द मात्र बिनभरवशाचा. कपडा कोणाचाही असो, उत्तर ठरलेलं: "शनिवारी नक्की." कुठल्या शनिवारी, हे त्याने कधी कोणाला सांगितलं नाही. गिऱ्हाइकं हेलपाटे घालायची, चिडायची, आणि शिलाई बघून पुन्हा त्याच्याचकडे यायची.

घरात प्रार्थना हे मामीचं खातं. जेवणाआधी ती डोळे मिटून मोठ्याने देवाचे आभार मानायची. मामा तोवर आतल्या खोलीत ओठांत टाचण्या धरून मशीन चालवायचा आणि तिचं 'आमेन' ऐकू आलं की ताटावर यायचा. "दोघांच्या वतीनं बोलते की ती," म्हणायचा.

मग मामीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. प्रार्थनेवाचून घास न घेण्याची सवय तेवढी राहिली. ताट समोर आलं की ती मामाकडे बघत बसायची. तिला भरवायला मीच असायचे, पण मी प्रार्थना म्हटली तर ती नकारार्थी मान हलवायची. तिला त्याच्याच तोंडून हवी होती. "तू मनात म्हण ना," असं म्हणून तो मान फिरवायचा. ती दोन घास खाऊन ताट सरकवायची. तिचे कपडे सैल होत चालले होते, आणि ते शिंप्याच्या नजरेतून कसं सुटणार?

एका संध्याकाळी चर्चचे पाळकसाहेब मंडळीतल्या चौघांना घेऊन आले. "आज प्रार्थना तुम्हीच करा," ते मामाला म्हणाले. मामा उभा राहिला. "प्रभू, हिला बरं कर," एवढं जमलं. पुढे 'आमेन' म्हणायचं, तर सवयीने तोंडातून गेलं, "शनिवारी नक्की."

सगळे हसले. पाळकसाहेबांनीसुद्धा तोंडाला रुमाल लावला. मला अजून त्यांचा राग येतो. मामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण हसण्यामुळे नव्हे. पाहुणे गेल्यावर मला म्हणाला, "गिऱ्हाइकाला मारतो ती थाप मी देवाला मारली गं. आता कुठल्या तोंडानं त्याच्यासमोर जाऊ?"

शनिवारी दुपारी मी मामीला भरवायला बसले. तिने तोंड मिटून घेतलं. मग ओठ हलले. "श... नि... वार." झटक्यानंतरचा तिचा पहिला शब्द.

मशीन थांबलं. मामा दारात आला. "तूपण चिडव आता," टाचण्या न काढताच तो पुटपुटला.

मामीने डावा हात उचलला. बोट वर दाखवलं, मग त्याच्याकडे, मग शेजारच्या खुर्चीकडे.

"त्यानं खरं धरलं म्हणतेस?" मामाने विचारलं. "वाट बघतोय?"

तिने मान डोलावली. मामा खुर्चीत बसला. एकेक टाचणी काढून त्याने टेबलावर ठेवली. लाजेने त्याचे कान लाल झाले होते.

"देवबापा, शनिवार आहे. आलोय. इतकी वर्षं हिच्या आडून जेवलो, त्याची लाज वाटते. हिला जेवू दे." पुढचं त्याला सुचेना.

"आ... मेन," मामी म्हणाली, आणि तिने तोंड उघडलं. मामाने माझ्या हातातला चमचा घेतला.