पाणी आधी हेलनला

ईशान, मीरा, आजोबांना जाऊन दीड महिना झाला. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, आजोबा त्या डोंगरात नक्की काय करायचे गं?" तेव्हा वाटलं, सगळं नीट आठवतंय तोवर लिहून ठेवावं.

ख्राइस्टचर्चहून सकाळी निघालं की दुपारच्या आत मॅकेन्झीचं उंच पठार लागतं. पाऊस पश्चिमेच्या डोंगरांवरच पडून संपतो; अलीकडे पिवळं गवत आणि वारा. बर्फाच्या पाण्याच्या नद्या आहेत, पण खोल घळीत, आणि कुरणं वरच्या टप्प्यांवर. म्हणून नदीचं पाणी पार वर वळवून, डोंगराच्या कडेकडेने पाटाने आणायचं. उन्हाळ्यात मेंढ्या डोंगरावर चरतात. हिवाळ्यात खाली आल्या की त्यांना लागणारा चारा या पाटावरच पिकतो. जिथवर पाट, तिथवर घरं.

पुण्यात पाटबंधारे खात्यात असलेले आजोबा इथे आले आणि अशाच एका पाटाचं काम त्यांच्याकडे आलं. त्यावर तीनच शेतं. शेवटचं हेलनचं, आणि तिच्यापर्यंत पाणी क्वचितच पोचायचं. मेंढ्या विकून जायच्या बेतात होती बिचारी... तिच्याच स्वयंपाकघरात चहा घेताना आजोबा म्हणाले, "आमच्याकडे पुष्कळ ठिकाणी पाण्याची पाळी टेलपासून, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकापासून सुरू करतात. आधी हेलन, शेवटी ग्रॅहम."

सगळ्यात वरच्या शेताचा ग्रॅहम हसला. "रवी, मेट, पाणी आधी माझ्या दारावरून जातं."

"जातं ना? मग जाऊ दे की."

"आणि वाटेत गळलं तर?"

"तर हेलनचं शेत भिजायला वेळ लागेल आणि तुझी पाळी लांबेल. म्हणून सगळ्यात आधी फावडं घेऊन तूच धावशील!"

हेलन इतकी हसली, की ग्रॅहमला एक मोसम करून बघायला हो म्हणावंच लागलं. आणि खरोखरच, पाटाच्या फटी बुजवत-लिंपत फिरताना तोच दिसू लागला. हेलन राहिली. आता तिची मुलगी मेंढ्या बघते.

आजोबा गेल्यावर मला एकच धाकधूक होती... त्यांच्यामागे ही पाळी टिकेल का? गेल्या आठवड्यात पाटाला पाणी सुटलं आणि हेलनचा फोन आला. ग्रॅहम कुरकुरत होता म्हणे, "रवी गेला, पण माझा नंबर काही वर सरकला नाही."

हॉर्नबीच्या आपल्या परसात आजोबा कुंपणाजवळच्या टोकाच्या वाफ्यापासून पाणी घालायचे. मीही तसंच घालते. आणि डोंगरात पाणी अजून हेलनच्या शेतापासूनच सुरू होतं.