सायकलीला माणूस जुळवून देणारे मामा

आमच्या मामेसासऱ्यांना न विचारता ज्याने अमरावतीत सायकल घेतली तो पस्तावला, हे मी छातीठोकपणे सांगतो. मामेसासरे म्हणजे आमच्या हिचे सख्खे मामा. सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, अंगाने काटकुळे, आवाजाने दणदणीत. त्यांना लग्नाच्या बैठकीला कुणी नेत नाही, कारण तोंडाला फडकं नाही, मनात आलं की बोलून मोकळे. पण सायकल घ्यायची म्हटली की भल्या सकाळी लोक दारात. मामा दुकानात शिरले की दुकानदार आधी कपाळाला हात लावतो आणि मग खुर्ची पुढे करतो. कारण मामा सायकलीकडे बघतच नाहीत, गिऱ्हाइकाकडे बघतात. त्याला स्टुलावर बसवतात आणि आपण समोर उभे राहून डोळे बारीक करतात. माणूस पुढे वाकून बसला तर त्याला वाकड्या हँडलची, मागे रेलून बसला तर सरळ हँडलची. बसल्याबसल्या पाय हलवत राहिला तर गिअरची, आणि बसताना 'आई गं' म्हणाला तर रुंद सीटची. बजेट सांगायला कुणी तोंड उघडलं की मामा हात वर करतात, कारण त्यांची नजर तोवर त्याच्या चपलेवर जाऊन आलेली असते. "हा मानूस चप्पल शिवून शिवून वापरते. याले असी सायकल द्या का जिचा पार्ट गल्लीतल्या दुकानात भेटला पायजे," असं ते त्या माणसादेखत सांगतात. आणि गंमत म्हणजे माणूस रागावत नाही, मान हलवतो.

सेमाडोहकडे नोकरीला असलेला एक गडी एकदा आला होता. चकाकणारी, एकवीस गिअरची सायकल त्याने मनात पक्की करून ठेवलेली. मामांनी त्याला बसवलं, पाहिलं आणि म्हणाले, "तिथं जंगलात गिअर बिघडला तं वाघ येऊन बसवून देईन काय तुले?" त्याला साधी काळी सायकल घ्यायला लावली. गडी तोंड पाडून गेला, आणि पुढच्या वर्षी मामांसाठी मधाची बाटली घेऊन आला. माझंही तेच. गावाबाहेर माझं थोडं वावर आहे, तिथं जायला मला ऐटदार मडगार्डवाली सायकल हवी होती. मामांनी दुकानातच दोन्ही मडगार्ड काढायला लावले. "काळी माती मडगार्डात गच्च बसली ना जवाईबापू, का मंग सायकल तुमाले नाही आनत, तुमी सायकलले खांद्यावर आनता." तेव्हापासून पावसाळाभर माझ्या सदऱ्याच्या पाठीवर चिखलाची रांगोळी असते आणि आमची ही मामांच्या नावानं बोटं मोडत ती धुते. पण सायकल एकदाही अडली नाही, हे कबूल करायलाच हवं. बापा बापा, काय ती नजर! मला तर कधीकधी त्यांच्यापुढे बसायचीच भीती वाटते.

अशा माणसाची पार भंबेरी उडालेली मी पाहिली, ती मामींपायी. मामी कमी बोलणाऱ्या. त्यांची धाकटी बहीण वलगावात एकटीच राहते, तिला डोळ्यांनी दिसत नाही. दर रविवारी मामा मामींना डबलसीट घेऊन वलगावला जायचे, मामी बहिणीला न्हाऊ घालायच्या, जेवू घालायच्या, संध्याकाळी परत. मामींना पहिल्यापासूनच एसटीत आणि ऑटोत उलट्या होतात, त्यामुळे मामांचं कॅरिअर हीच त्यांची गाडी. मग मामांचे गुडघे गेले. डॉक्टरने सायकल बंद केली. दोन-तीन रविवार तसेच गेले आणि बहिणीचा फोन आला. काय बोलणं झालं कुणास ठाऊक, पण मामींनी फोन ठेवला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मले सायकल घ्या."

मामा एकदम खूश. मला बरोबर घेतलं आणि आम्ही तिघं दुकानात गेलो. मी वाट पाहत होतो की आता मामींपुढे स्टूल सरकेल. पण मामा सरळ सायकलींच्या रांगेत घुसले आणि एकेकीचं कॅरिअर दोन्ही हातांनी दाबून पाहायला लागले. एकीवर तर स्वतः बसून हिसके दिले. शेवटी एक लेडीज सायकल ओढून काढली आणि विजयी मुद्रेने म्हणाले, "हे घे. जिंदगीभर हलनार नाही असं कॅरिअर हाय."

मामींनी कॅरिअरकडे पाहिलं. "याच्यावर कोन बसन?"

"कोन म्हंजे? तू!"

"अन् चालवन कोन?"

दुकानदार खाली वाकून उगाचच कुठली तरी चेन पुसायला लागला. मला हसू फुटत होतं, पण मामांचा चेहरा पाहून ते गिळलं. बिचाऱ्यांनी कॅरिअरवरचा हात काढून घेतला. मग चाचरत म्हणाले, "तं... आदी शिकवा लागन तुले."

"शिकाचं काय त्यात? हिवरखेडले माहेरी होती तंवर शाळेत सायकलनंच जात होती मी."

"कदी सांगितलं नाही तू!"

"तुमी कदी इचारलं?"

एवढं बोलून मामींनी बहिणीचा डबा मावेल अशी पुढे बास्केट असलेली एक सायकल स्वतःच बाहेर काढली. पदर खोचला. एकदा डुगडुगल्या, मी 'मामी, मामी' करत धावलो, तेवढ्यात त्या चौकाला वळसा घालून परतही आल्या. या वयात! पाठ ताठ, कोपरं आत, नजर लांब रस्त्यावर. मी थक्क झालो, आणि मामा तर दगडासारखे उभे. "साऱ्या गावाले बसवून पायलं मी, जवाईबापू," ते हळूच म्हणाले. "हे मागं बसत होती. मागं बसलेलं मानूस दिसत नाही ना."

आता दर रविवारी मामी एकट्या वलगावला जातात. परवाच्या रविवारी सकाळी मी नेमका मामांच्या घरी गेलो होतो. मामा फाटकाला धरून उभे होते. बास्केटमध्ये डबा, डोक्याला रुमाल बांधलेला, मामी घंटी वाजवत कोपऱ्यावरून वळल्या आणि दिसेनाशा झाल्या. मागे वळून काही पाहिलं नाही त्यांनी. मामांनी तरीही अर्धवट हात वर केला होता, तो तसाच खाली घेतला.

"जवाईबापू," ते म्हणाले, "इतके वर्सं नुसती माही पाठ पाहून कटाळली नसन काय हे?"

आयुष्यात पहिल्यांदाच त्या माणसाने मला काही विचारलं होतं. म्हटलं, "मामा, त्या आल्या की त्यांनाच विचारा ना."

"इचारीन," मामा म्हणाले. मी चहाला आत चला म्हटलं, पण ते आले नाहीत. संध्याकाळपर्यंत त्या परतायच्या नव्हत्या, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी ते फाटकाशीच उभे राहिले.