मामांचं एक मत

लासूर स्टेशन मागं पडलं की मी खिडकीपाशी सरकून बसते, ही लहानपणची खोड. थोड्या वेळानं दौलताबादचा किल्ला दिसतो आणि माझी सुट्टी सुरू होते. या खेपेला मात्र सुट्टी नव्हती. "माझ्या भावाला घेऊनच ये, तिथं एकटा काय करणार तो?" असं आईनं नाशिकहून निघताना बजावलं होतं. मामी गेल्यापासून मामा संभाजीनगरला एकटेच राहत होते.

स्टेशनवर रिक्षा केली. गारखेड्याची गल्ली सांगितली तसा रिक्षावाला म्हणाला, "महापौरांकडं व्हय? बसा की, ताई!"

आता खरं सांगायचं तर मामा महापौर कधीच झाले नाहीत. साधे अपक्ष नगरसेवक. एकदा थोडक्यात हुकलं, तेव्हापासून अख्खी गल्ली त्यांना महापौरच म्हणते. मला हसू आलं आणि भरूनही आलं.

गल्लीत पोचले तर नेमका पाण्याचा दिवस! कितीतरी दिवसांनी नळ आलेला, दारोदार पाइप आणि ड्रम. रिक्षातून उतरले ती थेट चिखलात, चपलेचा अंगठा तुटला. लुंगी वर खोचलेले मामा ओरडले, "आलीस? लई बेस झालं. आधी तो हंडा धर!" आमच्याकडं स्वागत हे असं.

तेव्हा निवडणुका रखडल्या होत्या. महापालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासक साहेब कारभार बघत होते. तरी नळाला धार नाय म्हणून दोघी-तिघी बायका मामांच्याच ओट्यावर आल्या. "अगं, मी कोण आता?" असं म्हणत मामा फोनही लावत होते.

निघायच्या आदल्या दिवशी ते अचानक म्हणाले, "चल, युसूफला भेटून येऊ." मी बघतच राहिले. युसूफचाचा त्यांचे जिवलग मित्र, तेही अपक्ष नगरसेवक. मी लहान असताना दोघं मला स्कूटरवर पुढं उभं करून शहागंजला नान-खलिया (भट्टीतला नान आणि मटणाचा तर्रीदार रस्सा) खायला न्यायचे. नाक गळेपर्यंत खायचो आम्ही. काय दिवस होते ते!

मग महापौरपदाची निवडणूक आली. तिथं नगरसेवकच हात वर करून मत देतात. कोणी फुटू नये म्हणून आधी त्यांना 'सहली'ला (दूरच्या हॉटेलात नेऊन ठेवायची रीत) नेतात. समोरच्या गटानं चाचांना बसमध्ये बसवून नेलं. परतल्यावर सभागृहात मामांचं नाव पुकारलं गेलं आणि चाचांचा हात टेबलावरच राहिला. मामा एका मतानं पडले. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

चाचांनी दार उघडलं. "आओ, महापौर," म्हणत ते दारातून बाजूला झाले.

चहा आला. मामांनी विषय काढलाच. "लोकांनी थेट निवडला असता ना महापौर, तर ही वेळ आली नसती. अख्खं शहर कोणत्या बसमध्ये कोंबलं असतं त्यांनी?"

"और नालायक निकला तो?" चाचा म्हणाले. "पाच साल सर पे बैठेगा. त्याला आवरायला आपल्यासारखे भांडखोर सभागृहात लागतातच की."

"भांडायला एक माणूस तरी असता! आता साहेब येतात, बदली होऊन जातात. बोंबलायचं कुणापुढं?"

"हौ, ये बात सही है."

मला राहवलं नाही. "चाचा, तेव्हा हात का नाही वर केला?"

"गप गं!" मामा ओरडले. पण चाचा बोलले. "ते लोक मोहल्ल्यात नवी पाइपलाइन देतो म्हणाले होते, बेटी. तेरे मामा के पास देने को कुछ था नहीं."

"मग आली का?" मामांनी विचारलं.

"तू जो चाय पी रहा है ना, टँकरचं पाणी आहे."

मामा इतके हसले की बशीतला चहा सांडला. चाचा हसले नाहीत. उठून आत गेले, ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. मामा नाशिकला जाताहेत, हे सांगायचं राहिलं. शेवटी मी चाचांच्या सुनेच्या कानावर घालून निघाले. मला फार चुटपुट लागली.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर सगळी गल्ली आली होती. बायका डोळे पुसत होत्या. "आता नळ नाय आला तर कुणाकडं जायचं?" एकीनं विचारलं. महापौर कुणी निवडावा ते शहाण्यांनी ठरवावं. त्या बाईला एक दार हवं होतं, आणि ते मी कुलूप लावून घेऊन चालले होते.

गाडी हलली आणि गर्दीतून चाचा धापा टाकत पुढं आले. त्यांनी हात वर केला. निरोपाला हलवतात तसा हलवला नाही. सरळ, ताठ, सभागृहात करतात तसा वर धरून उभे राहिले. फलाट संपेपर्यंत तो हात खाली आला नाही.

लासूर येईपर्यंत मामा खिडकीबाहेर बघत होते. मग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत म्हणाले, "झालो गं मी महापौर."