साडूंनी कोरलेला हात

बिघडलेली वस्तू माझ्या साडूंना बघवत नाही, आणि धड असलेली त्यांच्या हातून वाचत नाही. कंपनीतून रिटायर होऊन ते रोह्याच्या घरी बसले, तेव्हापासून त्या घरात चारही पायांवर उभी राहणारी खुर्ची उरलेली नाही. पंख्याचा आवाज घालवायला गेले, तर आवाज राहिला आणि वारा गेला. माझं घड्याळ त्यांनी दुरुस्त केल्यापासून मी ते निव्वळ दागिना म्हणून वापरतो. मेव्हणीने मिक्सर कपाटात कुलपात ठेवलाय. पण साडू खचत नाहीत. "बिघाड कळला ना? मग अर्धं काम झालं," म्हणतात आणि दुसरी वस्तू उघडतात.

अशा माणसाला मी आवडतो, कारण मला काहीच दुरुस्त करता येत नाही. त्यातून मी पेणचा. पेणच्या माणसाला गणपती करता येत नाही, हे बाहेरगावी कुणाला पटतच नाही. शाळेत मी एकदा शाडूचा उंदीर केला होता. बाईंनी "बटाटा छान झालाय" म्हणून पाठ थोपटली. माझ्या कलाजीवनातला तेवढाच एक गौरव.

साडूंच्या शेजारी एक सिस्टर राहायच्या. सरकारी दवाखान्यात जन्मभर नर्स, मूळच्या वसईच्या ख्रिस्ती. त्यांच्या भिंतीवर सासऱ्यांच्या वेळचं एक सागवानी शिल्प होतं. वर टोकदार कमानी, खाली मरियम, आणि तिच्या मांडीवर क्रुसावरून उतरवलेला येशू. चेहरे लांबुळके, वस्त्रांच्या चुण्या खोल. फार जुन्या काळातल्या युरोपातल्या चर्चांच्या वळणावर कुणा अलीकडच्या कारागिराने ते मुद्दाम घडवलं होतं. घराला रंग देताना त्यावर शिडी पडली आणि येशूचा लोंबता हात कोपरापासून तुटला. तुटका तुकडा रंगकामाच्या कचऱ्याबरोबर, राबिटात गेला.

साडू रोज कुंपणापाशी जाऊन विचारायचे, "सिस्टर, बघू का?" त्या रोज म्हणायच्या, "नको भाऊ." त्यांनी साडूंच्या खुर्च्या पाहिल्या होत्या. पण वसईला लेकीकडे कायमचं जायचं ठरलं, तेव्हा त्या स्वतःच ते घेऊन आल्या. "नाय जमलं तर आहे तसं परत द्या. आमचे हे गेले त्या दिवशी मी याच्याच समोर बसून होते."

साडू आयुष्यात पहिल्यांदा घाबरले. आठवडाभर त्यांनी पटाशी उचलली नाही. मग मला फोन. "पेणकर, रविवारी या. हाताचं काम आहे."

अखेर या घरात माझी कदर झाली, म्हणून मी शेजारच्या मूर्तिकाराकडून दोन ब्रश मागून घेतले आणि ऐटीत रोह्याला उतरलो.

"ते ठेवा बाजूला," साडू म्हणाले. "दिवाणावर पडा. हात खाली सोडा."

"म्हणजे?"

"मेलेल्या माणसाचा हात पायजे. हिचा बघितला, माझा बघितला. कुणाच्याही हातात काहीतरी करायची खुमखुमी दिसतेच. तुमचा एकच हात असा, की त्यात कसलीच इच्छा नाय."

पुढचे कित्येक रविवार मी पडून राहिलो. पहिला हात दुध्यासारखा झाला, दुसऱ्याचा अंगठा भलत्याच बाजूला आला. मेव्हणी म्हणाली, "अहो, त्यांना चहा तरी घेऊ द्या." साडू म्हणाले, "मेलेला माणूस चहा पीत नाय." एकदा मला खरोखरच झोप लागली, आणि जागा झालो तेव्हा साडू म्हणत होते, "वा! आज काय काम केलंत!" आयुष्यात इतकी मनापासून शाबासकी मला कुणी दिली नव्हती.

हात बसला. नवं लाकूड जरा फिकं राहिलं, सांधाही दिसत होता. सिस्टर आल्या, बराच वेळ बघत राहिल्या. मग सवयीनेच असेल, त्यांनी त्या लाकडी मनगटावर दोन बोटं ठेवली.

"जोड दिसतोय," सिस्टर म्हणाल्या. साडूंचा चेहरा उतरला. "दिसू दे. हात असाच होतो, भाऊ. शेवटी असाच होतो. माझ्या हातात किती जणांचे होते असे." त्यांनी डोळे पुसले. "कुणाचा बघून केलात?"

साडूंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी पोह्यांची बशी घेऊन उभा होतो. सिस्टरांनी माझा हात निरखला आणि रडता रडता हसल्या. "जिवंत आहात ना हो?"

दुसऱ्या रविवारी सामानाचा टेम्पो गेला. चादरीत गुंडाळलेलं शिल्प सिस्टरांनी पुढे बसून मांडीवर घेतलं होतं. टेम्पो वळला तरी साडू रस्त्यातच उभे. मग मला सोडायला स्टेशनवर आले. फलाटावर त्यांनी माझा हात हातात घेतला. आता आणखी काय कोरायचंय, असं मनात येऊन मी तो नेहमीसारखा सैल सोडला.

"असा नको," साडू म्हणाले. "आज नीट धरा."