उलटी लागलेली रिळं

मैत्रिणींनो, घाटंजीच्या तंबू टॉकीजमधल्या, फक्त बायकांसाठीच्या आजच्या खेळाला ज्या आल्या नाहीत, त्यांच्यासाठी आपल्या महिला मंडळाच्या फलकावर हे लिहिते आहे.

चित्रपट हेरगिरीचा. नायक शूर, पण दारुडा.

तंबूत मशीन एकच. रीळ बदलताना दिवे लागतात आणि वाद सुरू होतात. आज नायकानं साथीदाराच्या आईचे पाय धरून माफी मागितली. कशाची, ते कळेना. पुढच्या रिळात तो त्याच साथीदाराला शत्रूच्या हाती टाकून पळाला!

आपल्या अध्यक्षा दुर्गाबाई उठल्याच. "माफी मांगून पुन्हा तेच? असा माणूस पोरीबाळींनी कायले पाहायचा? बंद करा हा बायकांचा खेळ!"

या खेळासाठी आपण गावभर बोलणी खाल्ली आहेत.

"काकू, रिळं उलटी लागली," मंडळातली कमल ओरडली. "आधी पळाला, मंग माफी मांगली."

"पळाला तं पळालाच ना!"

"पर रडला, काकू!"

"दारू पिऊन कोणीही रडते, बाई."

सगळा तंबू हसला. मी ठणकावलं, "चित्रपट क्रमानं पाहिल्याशिवाय निकाल नाही."

निघताना दुर्गाबाई मशीनवाल्याला दटावत होत्या, "उद्या पुन्हा बायकांचा खेळ लाव. रिळं बरोबर लाव. खरंच रडते का, पाहतो मी."

पळून जाऊन मग रडलेल्याला तुम्ही घरात घ्याल? मी घेईन, पण आधी दारातच खडसावून. तुमचं मत उद्या तंबूत सांगा.